पाहुणे गेल्यावर

अठ्ठावीस तारीख. पहाटे पावणेसहाची जालन्याची गाडी
शेवटच्या नणंदेला घेऊन गेली.
ठक्कर बाजारातून परतताना रिक्षावाल्यानं विचारलं,
"झाला का ताई सण?"
म्हटलं, झाला.
तोंडातून वाफ निघाली, शब्दापेक्षा जास्त.

घर आता पुन्हा माझ्या मापाचं.
भाड्याच्या अकरा गाद्या शांतवन मांडववाल्याला परत करायच्यात,
गच्चीवर सतरंज्या दवानं जड झाल्यात,
आणि कागदी तारा अजून पेटलेला,
उजाडलं तरी,
निरोप विसरलेल्या माणसासारखा दारात उभा.
राहू दे.
आधी चहा.

खोटं कशाला बोलू, प्रभू,
पंधरा दिवसांत तुझ्याशी एक वाक्य बोलले नाही.
बोलले ती मैद्याशी, सिलिंडरशी,
शिंप्याशी तर भांडलेच.
दुसऱ्या बाकावर बसून, उपदेश चालू असताना,
मी करंज्या मोजत होते:
साठ शेजारी, चाळीस तरुण संघाला,
टिळेकर वहिनींना खसखस चालत नाही.
आमेन सगळ्यांबरोबर म्हटलं,
एक ठोका उशिरा.

पाळकसाहेब म्हणतात, धर्मशाळेत जागा नव्हती
तशी आपल्या मनात नसते.
दरवर्षी म्हणतात, दरवर्षी खरं असतं.
पण जागेचं मला कधीच अडलं नाही,
दोन खोल्यांत एकोणीस माणसं झोपवलीत मी.
माझं अडतं ते वेळेशी.

गव्हाणी आवरायला बसले.
बाळ कापसात. मरिया जुन्या वर्तमानपत्रात.
योसेफाचा हात मागच्या वर्षीच चिकटवलेला, अजून टिकून.
एक मेंढपाळ सापडेना.
दिवाणाखाली नाही, सुया-दोऱ्याच्या डब्यात नाही;
बहुतेक धाकट्या भाच्याच्या खिशातून
जालन्याला गेला.
जाऊ दे. जायलाच हवं होतं त्याला.
कुणीतरी मेंढरांकडे बघायला हवं.

त्यांचं पुढं काय झालं, कुणी सांगत नाही.
रात्री एवढा उजेड, एवढं गाणं,
आणि दुसऱ्या दिवशी तेच माळरान,
पांगलेली मेंढरं, त्यातलं एक लंगडत,
वर बघावं तर
नुसतं आभाळ.

तेवढ्यात निफाडहून मनश्शेचा फोन.
नाताळला आला नाही म्हणून मी रुसले होते.
"पारा पाचावर गेलाय, आक्का.
चार रात्री बागेत शेकोट्या घालतोय,
नाहीतर मणी तडकतात."
"रात्री तीनला एकटा काय करतोस रे?"
"धूर बघतो.
आईची प्रार्थना आठवेल तेवढी म्हणतो.
मधली ओळ काही येत नाही.
मग परत धूर."

फोन ठेवला आणि मला हेवा वाटला.
भावाच्या थंडीचा हेवा!

मागच्या पायरीवर बसले मग, शाल गुंडाळून.
शरणपूर रोडला शाळेची पहिली बस गेली,
शेजारी कुकरची शिट्टी, कुठूनतरी घंटा,
कुठली ते ओळखायचा प्रयत्न केला नाही.
मागायला काही सुचेना.
आभार मानायला गेले तर यादीच होऊ लागली,
यादी मला फार लवकर येते,
म्हणून तीही सोडली.
आईची ती मधली ओळ मलाही येत नाही.
तिथं पोचले की थांबले,
पुन्हा सुरुवातीपासून.
घड्याळाकडे एकदा पाहिलं, कबूल.
चहावर साय धरली.

ऊन पायरीवर आलं तेव्हा
तारा बंद करायला उठले,
बटणावर बोट ठेवलं
आणि आठवेना
कशासाठी उठले होते.